वीज आल्यावर कोण उठवणार?

आपल्यापैकी जे शेतकरी आहेत त्यांना रात्रीच्या विजेची गोष्ट नव्याने सांगायला नको. वीज येते ती रात्री दोनला. थंडीचे दिवस, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी आणि पायाखाली काळोखी वाट. एवढे करून विहिरीवर जायचे कशासाठी, तर मोटारीचा एक खटका दाबायला. मग कुणीतरी एक दिवस पंपाला ऑटोस्विच बसवतो. वीज आली की मोटार आपली आपण सुरू होते आणि घरच्या माणसाची झोप मोडत नाही.

आज मी बोलणार आहे तो विषय कानाला जरा परका वाटेल. संगणकावर फायली देण्याघेण्याचे काम करणारा जो सर्व्हर असतो, तो संगणक सुरू होताच आपोआप कामाला कसा लागावा, हा तो विषय. पण मुळाशी गेलात तर गोष्ट त्या ऑटोस्विचचीच आहे. मला ती उमगली मात्र शेतात नव्हे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये.

वागळे इस्टेट ही आपल्या राज्यातली जुनी औद्योगिक वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म १ ऑगस्ट १९६२ रोजी झाला, तो समारंभ याच वसाहतीत, त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झाला होता. जिथे एके काळी शेडमागून शेड लेथचा आवाज येई, तिथे आता काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत संगणकावर काम करणारी मुले बसतात. तरीही आतल्या गल्ल्यांतून छोटे कारखाने टिकून आहेत. माझा एक जुना विद्यार्थी तिथे एका गाळ्यात यंत्रांचे सुटे भाग बनवतो.

गेल्या पावसाळ्यात मी सहज त्याच्याकडे गेलो. पाहतो तो दहा-बारा माणसे यंत्रांपुढे हात बांधून उभी. मला पाहताच तो म्हणाला, "या सर, बसा, चहा घ्या. आज आमच्याकडे वेळच वेळ आहे."

झाले होते ते असे. रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली. दिवे लागले, पंखे फिरू लागले, यंत्रेही सुरू झाली. पण हल्लीच्या सीएनसी यंत्राला नुसती वीज पुरत नाही. कोणता जॉब कसा कापायचा याचा लेखी प्रोग्राम त्याला लागतो. हे सगळे प्रोग्राम केबिनमधल्या एका संगणकात ठेवलेले. तिथून ते यंत्रांना मिळत. तो संगणकही चालू होता. पुढचा हिरवा दिवा लुकलुकत होता. फक्त त्याच्यातला फायली देणारा सर्व्हर झोपलेला होता, आणि त्याला उठवायचे कसे हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हते. ही सगळी मांडणी केली होती मालकाच्या भाच्याने, आणि भाचा गेला होता बहिणीच्या लग्नाला, सावंतवाडीकडे. फोन लागत नव्हता.

दुपारी दीडला एकदाचा फोन लागला. भाचा म्हणाला, "मामा, काहीच नाही हो. रोज सकाळी आल्यावर मी दोन शब्द टाइप करतो, की झाले!"

मामा म्हणाले, "अरे, पण ते दोन शब्द आम्हाला कधी सांगितलेस का?"

दोन मिनिटांत यंत्रे फिरू लागली. मालकाचा अर्धा दिवस बुडाला, तो पुढे भरून निघेल. पण साठीकडे झुकलेले एक कारागीर मला बाजूला म्हणाले, "सर, आमची मजुरी नगावर. नग नाही तर मजुरी नाही. दिवस गेला तो गेला." मी अर्थशास्त्र शिकवतो. उत्पादकतेवर वर्गात तासन्‌तास बोललो आहे. पण दोन शब्द एकाच माणसाच्या डोक्यात राहिले म्हणून दहा घरांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, हा धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नव्हता. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. पंगतीत वाढपी असतो ना, तोच हा. पंगतीला बसलेला मागतो आणि वाढपी आणून देतो. इथे मागणारा दुसरा संगणक किंवा एखादे यंत्र, आणि वाढायचे पदार्थ म्हणजे फायली. मागावे कसे, द्यावे कसे, आधी नाव विचारावे की पदार्थ, याचे ठरलेले नियम लागतात. अशा नियमांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला तो एका भारतीयाने, ही आपल्या शिक्षक मंडळींनी मुलांना आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट आहे. त्यांचे नाव अभय भूषण. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. पुढे अमेरिकेत एमआयटी या संस्थेत असताना त्यांनी हा मसुदा लिहिला. त्यालाच एफटीपी म्हणतात. १९८५ मध्ये त्याला आजचे रूप आले, आणि कारखान्यांतली कित्येक यंत्रे अजूनही याच भाषेत बोलतात.

आता दुसरा शब्द, बूट. संगणक बूट झाला, असे आपण ऐकतो. हा बूट खरोखर पायातलाच. उंच बुटाला मागे एक पट्टा असतो. तो ओढून स्वतःला जमिनीवरून उचलून घेणे, अशी इंग्रजीत एक म्हण आहे. संगणक सुरू होतो तेव्हा त्याला उचलायला दुसरा कुणी नसतो. तो आधी एक छोटासा प्रोग्राम चालवतो, तो मोठ्याला उठवतो, मोठा आणखी दहांना उठवतो, आणि बघता बघता सारे घर जागे होते. आपला प्रश्न एवढाच, की या उठवायच्या यादीत आपल्या वाढप्याचे नाव आहे की नाही?

कोणी म्हणेल, "वीज काय रोज जाते? एखाद्या दिवशी उठवू हाताने." मी आपल्याला एक दिवस आठवून देतो. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. कळवा-पडघा भागातल्या मोठ्या वाहिन्यांवर बिघाड झाला होता. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. वीज टप्प्याटप्प्याने परत आली. काही भागांना संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली. ते दिवस कोरोनाच्या साथीचे. कितीतरी माणसे घरून काम करीत होती आणि त्यांच्या फायली होत्या दूरच्या बंद कचेरीतल्या संगणकात. अशा कचेरीत वीज आली तरी खटका दाबायला माणूस कुठून यावा? ज्यांनी आधी व्यवस्था लावून ठेवली होती, त्यांचेच काम वीज आल्याबरोबर पुढे सरकले असणार. खेड्यात तर भारनियमन आपल्या पाचवीला पुजलेले. शाळेची संगणकाची खोली, दूध संकलन केंद्र, विकास सोसायटी, जिथे जिथे एका संगणकातून दुसऱ्याला काही द्यायचे असते, तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

मग व्यवस्था लावायची कशी? ही एक साखळी आहे, आणि तिच्या कड्या एकामागून एक पाहाव्या लागतात. एक जरी सुटली तरी बाकीच्या वाया.

पहिली कडी खुद्द संगणकाची. वीज गेली आणि परत आली, तर कित्येक संगणक बंदच राहतात. बटण दाबण्याची वाट पाहतात. संगणक सुरू होताना एक विशिष्ट कळ दाबली की बायोस नावाचा तक्ता उघडतो. त्यात, वीज परत आल्यावर काय करायचे, असा प्रश्न बहुधा असतो. उत्तरे तीन: बंद राहा, सुरू हो, किंवा आधी जसा होतास तसा हो. आपण 'सुरू हो' हे निवडावे. तिसरे उत्तर सोयीचे वाटते, पण त्यात एक खोच आहे. आपल्याकडे यूपीएसची बॅटरी असेल आणि ती संपत आल्यावर संगणक रीतसर बंद होत असेल, तर त्याची शेवटची अवस्था 'बंद' ही ठरते. मग वीज आली तरी तो आज्ञाधारकपणे बंदच राहतो!

दुसरी कडी ही, की सर्व्हर कुणाच्या येण्यावर अवलंबून नसावा. पुष्कळ ठिकाणी असे करतात की माणसाने नाव आणि पासवर्ड घातला म्हणजे सर्व्हर सुरू होतो. म्हणजे पुन्हा माणूस आलाच. यावर काहीजण तोड काढतात ती पासवर्डच काढून टाकण्याची. ही तोड म्हणजे किल्ली हरवते म्हणून घराचे कुलूपच काढून ठेवण्यासारखे झाले. खरा उपाय असा की सर्व्हरला 'सेवा' म्हणून बसवावे. अशा पडद्याआड राबणाऱ्या प्रोग्रामला लिनक्सच्या जगात डीमन म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. आपल्या कोकणात गावाला राखणदार असतो की नाही? तो दिसत नाही, त्याला कुणी हाक मारीत नाही, पण तो जागा असतो, अशी श्रद्धा आहे. हा डीमन त्यातलाच. लिनक्सवर पुष्कळ वापरला जाणारा एक फायली देणारा सर्व्हर आहे, व्हीएसएफटीपीडी. त्याच्या नावातला शेवटचा 'डी' या राखणदाराचाच.

तिसरी कडी सर्वांत महत्त्वाची, आणि भाच्याची चूक झाली ती इथेच. शिक्षक बंधुभगिनींना ती चटकन पटेल. समजा, एक मुलगा आज आपल्या वर्गात येऊन बसला. तो ऐकतो आहे, लिहितो आहे, सगळे ठीक. पण हजेरीपटावर त्याचे नाव नाही. उद्या हजेरी घ्याल तेव्हा त्याला कोण हाक मारणार? लिनक्समध्ये अगदी अशाच दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत. 'सिस्टिम-सीटीएल स्टार्ट' आणि पुढे सर्व्हरचे नाव, ही आज्ञा म्हणजे आजच्या आज वर्गात बसवणे. 'सिस्टिम-सीटीएल एनेबल' आणि पुढे तेच नाव, ही आज्ञा म्हणजे पटावर नाव चढवणे. भाचा रोज पहिली आज्ञा देत होता. दुसरी त्याने एकदाही दिली नव्हती. एकदा दिली असती तर रोजची कटकट गेली असती. उबंटूसारख्या लिनक्समध्ये सर्व्हर बसवताच त्याचे नाव बहुधा आपोआप पटावर चढते; रेड हॅटच्या घराण्यात ते आपल्याला चढवावे लागते. म्हणून गृहीत काहीच धरू नये. 'सिस्टिम-सीटीएल इज-एनेबल्ड' असे विचारले की नाव आहे की नाही, ते संगणकच सांगतो. विंडोज असेल तर 'सर्व्हिसेस' नावाची यादी उघडावी, आपल्या सर्व्हरचे नाव शोधावे आणि सुरू होण्याचा प्रकार 'मॅन्युअल' असेल तर तो 'ऑटोमॅटिक' करावा.

चौथी कडी सांगण्यासाठी मला पुन्हा आपल्या विहिरीवर यायला हवे. महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगत असते, की बाबांनो, ते ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. का बरे? सोय तर चांगली आहे! कारण असे, की वीज येताक्षणी शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, रोहित्रावर एकाच वेळी भार पडतो आणि ते जळते. मग सोय एका रात्रीची आणि अंधार आठ दिवसांचा. आपोआप सुरू होणे चांगले. पण आपली वेळ न ओळखता सुरू होणे वाईट.

संगणकातही हेच घडते. सर्व्हर उठला, पण नेटवर्क अजून जोडले गेले नाही. बाहेर जायला वाटच नाही, म्हणून तो गोंधळून बंद पडतो आणि पडूनच राहतो. किंवा त्याहून घातक प्रकार. फायली वेगळ्या डिस्कवर आहेत, ती डिस्क अजून जोडली गेलेली नाही, आणि सर्व्हर मात्र तयार. म्हणजे वाढपी पंगतीत उभा, पण कोठीघराचे दार बंद. तो रिकामी परात घेऊन फिरतो. इतकेच नव्हे, कुणी नवी फाईल दिली तर ती भलत्याच जागी ठेवतो. नंतर डिस्क जोडली की ती फाईल दिसेनाशी होते आणि माणसे शोधत बसतात.

म्हणून क्रम लावून द्यायचा. जुन्या पद्धतीत यासाठी प्रत्येक सेवेला क्रमांक देत. २०१० मध्ये सिस्टिम-डी नावाची नवी व्यवस्था आली. तीत प्रत्येक सेवेची एक छोटी चिठ्ठी असते. चिठ्ठीत 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' या दोन ओळींत 'नेटवर्क-ऑनलाइन' असे लिहिले, की नेटवर्क तयार झाल्याशिवाय सर्व्हर उठत नाही. 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' या ओळीत फायलींच्या जागेचा पत्ता लिहिला, की त्या जागेची डिस्क जोडल्याशिवाय तो हलत नाही. विंडोजमध्ये 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' असा पर्याय असतो. बाकीची घाई आटोपल्यावर, जरा थांबून उठ, असा त्याचा अर्थ.

पाचवी कडी: पडला तर उठवणे. एवढे करूनही सर्व्हर मध्येच कोलमडू शकतो. त्या चिठ्ठीत 'रीस्टार्ट, ऑन-फेल्युअर' असे लिहिले तर व्यवस्था त्याला पुन्हा उभा करते. पण दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंदांचे अंतर ठेवावे. तसे न केल्यास तो एका दमात पाच वेळा उठतो, पाच वेळा पडतो, आणि व्यवस्था त्याचा नाद सोडते. माणसालाही पडल्यावर क्षणभर श्वास घ्यायला द्यावा लागतो, यंत्राचे तसेच.

आता एक इशारा. जो दरवाजा आपोआप उघडतो तो चोरालाही उघडाच सापडतो. जुन्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखे जातात. वाटेत कुणीही वाचावेत. म्हणूनच क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला. नवी मांडणी करीत असाल तर एसएफटीपी घ्या. त्यात मजकूर बंद लिफाफ्यातून जातो. कारखान्यातली जुनी यंत्रे एफटीपीच समजत असतील, तर तो सर्व्हर कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरताच ठेवा. त्याचे तोंड इंटरनेटकडे करू नका.

आणि शेवटची कडी परीक्षेची. आम्हा मास्तर लोकांना परीक्षेवाचून चैन पडत नाही, पण इथे ती खरोखर हवी. "मी सगळे लावले आहे," हे शब्द परीक्षेचे उत्तर नव्हेत. सुट्टीचा दिवस निवडा. आधी संगणक रीतसर बंद करा. चालू संगणकाची वीज तोडू नका, त्याने फायली बिघडतात. मग भिंतीवरचा खटका बंद करा, पाच मिनिटे थांबा, आणि खटका चालू करा. त्यानंतर त्या संगणकाला हात लावायचा नाही. बटण नाही, पासवर्ड नाही, काही नाही. दुसऱ्या संगणकापाशी जा आणि तिथून एक फाईल मागा. ती आली तर पास. नाही आली तर कोणती कडी सुटली ते शोधा. बरे, ही परीक्षा एकदाच देऊन भागत नाही. दर तीन-चार महिन्यांनी द्यावी, कारण मधल्या काळात कुणीतरी काहीतरी बदललेले असते.

त्या कारखान्यात आम्ही हेच केले. भाचा परत आला तेव्हा जरा हिरमुसलेला होता. त्याला वाटले, आता सगळे आपल्याला बोल लावणार. त्याच्या मामांनी शहाणपणा केला. ते म्हणाले, "तुझे चुकले तेवढेच आमचेही चुकले. आम्ही कधी विचारलेच नाही." मग दोघांनी बसून सगळ्या कड्या जोडल्या. पहिल्या परीक्षेत सर्व्हर नापास झाला. डिस्कची ओळ लिहायची राहिली होती. दुसऱ्या परीक्षेत पास झाला. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत आवडले. एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहिले: काय आपोआप सुरू होते, कोणत्या क्रमाने, न झाल्यास काय करायचे, आणि शेवटची परीक्षा कोणत्या तारखेला घेतली. तो कागद केबिनच्या भिंतीवर लावला आहे. नगावर मजुरी घेणाऱ्या त्या कारागिरांनी तो माझ्यादेखत मोठ्याने वाचला, आणि एका ठिकाणी "हे कळत नाही" म्हणाले. भाच्याने ते वाक्य बदलले.

श्रोते हो, यंत्र आपोआप चालू लागले म्हणजे माणसाची गरज संपते, अशी भीती आपण पुष्कळदा ऐकतो. इथे मला उलटे दिसले. त्या दोन शब्दांसाठी भाचा कारखान्याला बांधलेला होता. आता तो बहिणीच्या घरी निर्धास्त चार दिवस राहू शकतो, आणि इकडे वीज जाऊन आली तरी कारागिरांची मजुरी बुडत नाही. आपल्या गावात, शाळेत, सोसायटीत एकाच माणसाच्या डोक्यात असलेले असे दोन शब्द कोणते आहेत, याचा शोध घ्या. ज्याच्याजवळ ते असतील त्याला दोष देऊ नका. त्याच्याशेजारी बसा, विचारा, यंत्राला शिकवता येईल तेवढे यंत्राला शिकवा, आणि उरलेले कागदावर लिहून भिंतीवर लावा.

आज रात्री वीज जाईल की नाही, ते कुणी सांगावे? पण आलीच परत, तर उठवायला कुणाला जावे लागू नये, एवढी तजवीज आपल्या हाती आहे.